साखर हेच औषध

आठवीच्या वर्गात जेवणाच्या सुटीपूर्वीचा तास चालू आहे. आधीचा तास खेळाचा होता. एरवी चुणचुणीत असणारी एक मुलगी फळ्यावरचे उतरवून घेताना चुकते, चिडते. कपाळावर घाम आहे, हात थरथरतो आहे. तिला मधुमेह आहे हे शिक्षकांना ठाऊक नसेल, तर ते रागावतील. ठाऊक असेल, तर कदाचित आणखी मोठी चूक होईल. ‘मधुमेह्याला साखर वर्ज्य’ म्हणून तिच्या हातातली लिमलेटची गोळी काढून घेतली जाईल. प्रत्यक्षात त्या क्षणी साखर हेच तिचे औषध असते.

असे का, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. ३५ किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात सुमारे अडीच लिटर रक्त असते. दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर सगळ्या रक्तात मिळून ते अडीच ग्रॅम भरते, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा! एका भाकरीतून याच्या दहापट ग्लुकोज रक्तात येऊ शकते, आणि धावताना स्नायू ते भराभर वापरतात. तरीही निरोगी माणसात ही पातळी फारशी हलत नाही. स्वयंचलित इस्त्री तापली की वीज बंद होते आणि निवली की सुरू होते, तसेच हे आहे. ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात; कमी झाले की इन्सुलिन थांबते आणि अल्फा पेशींचे ग्लुकॅगॉन यकृतातील साठा मोकळा करते.

मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, संसार करतात. पण टोचलेल्या इन्सुलिनला रक्तातील ग्लुकोज ‘कळत’ नाही. मूल जेवले काय आणि उपाशी राहिले काय, त्वचेखाली गेलेले इन्सुलिन आपले काम करीतच राहते. इस्त्रीतला थर्मोस्टॅट बिघडला, तर कोणीतरी शेजारी उभे राहून बटण चालू-बंद केले पाहिजे. मधुमेही मुलाची शुश्रूषा म्हणजे हेच काम : मोजणे, ताडून पाहणे, दुरुस्त करणे. दवाखान्यात ते परिचारिका करते, घरी आई-वडील करतात. शाळेच्या वेळात ते मूल स्वतः करते, आणि त्याला जमेनासे होते तेव्हा शिक्षकांनी करायचे असते.

घाम आणि थरथर ही ग्लुकोज घसरल्याची पहिली सूचना. ती मुख्यतः ॲड्रिनॅलिनमुळे मिळते. चिडचिड, गोंधळ, अडखळते बोलणे ही मेंदूला ग्लुकोज अपुरे पडत असल्याची लक्षणे. रक्तातील ग्लुकोज ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले असेल, तर तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. लहान मुलांना दोन चमचे पुरतात. चॉकलेट उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. पातळी कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल, तर लक्षणे पाहून साखर द्यावी. काही वेळ ग्लुकोज थोडे जास्त राहिले तरी बिघडत नाही. फार घसरले तर मात्र काही मिनिटांतच झटके किंवा बेशुद्धी येऊ शकते. अशा मुलाला एकटे घरी पाठवू नये. ते बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन जवळ असेल आणि कोणाला शिकवलेले असेल, तर ते द्यावे.

याची दुसरी बाजूही ध्यानात असावी. एखादे मूल अचानक वारंवार लघवीला जाऊ लागले, सारखे पाणी पिऊ लागले, खाऊनही वाळू लागले, तर पालकांना त्याचे रक्त लगेच तपासून घेण्यास सांगावे. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास ही इन्सुलिनच्या अभावाची गंभीर चिन्हे आहेत. तेथे क्षणाचाही विलंब नको.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ व पाणी नेण्याची परवानगी दिली. परीक्षेत जे चालते ते रोजच्या वर्गात चालायला काय हरकत आहे? टेबलाच्या खणात साखरेची पुडी, पालकांचा दूरध्वनी क्रमांक, आणि न विचारता खाण्याची, पाणी पिण्याची व बाहेर जाण्याची मुभा – एवढी तयारी कोणत्याही शाळेला परवडण्याजोगी आहे.