नक्कल आणि रुजुवात

अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात प्रबंध सिद्ध करणारा संशोधक, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पीकप्रयोगांच्या नोंदी सांभाळणारा प्राध्यापक, कापूस आणि डाळीच्या व्यवहाराचा जमाखर्च टॅलीत ठेवणारा अडत्या, किंवा लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत सर्व मजकूर जुळविणारा छापखानदार, यांपैकी कोणाच्याही लॅपटॉपवर ‘सी’ ड्राइव्हची निळी पट्टी एके दिवशी तांबडी होते आणि यंत्र मंदावते, तेव्हा ते यंत्रच आता टाकून द्यावे, असा विचार पुष्कळदा मनात येतो. वस्तुतः बहुतेक वेळी यंत्र धडधाकट असते, फक्त ड्राइव्हवरील जागा भरलेली असते. आणि ज्या लॅपटॉपमधील ड्राइव्ह बदलता येते, त्यात मोठी ड्राइव्ह बसविणे हे नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

मात्र जुन्या ड्राइव्हवरील फायली उचलून नव्या ड्राइव्हवर ठेवल्या, एवढ्याने लॅपटॉप सुरू होत नाही. आपल्या दृष्टीस पडणाऱ्या ‘सी’ विभागाच्या आगेमागे लहान लहान विभाग दडलेले असतात; एकात यंत्र सुरू होण्यासाठी लागणारा मजकूर असतो, तर दुसऱ्यात बिघाड झाल्यास विंडोज दुरुस्त करण्याची तजवीज असते. हे सर्व विभाग जसेच्या तसे उतरवून घेणे, याला क्लोन करणे म्हणतात. क्लोनझिलासारखी मोफत साधने आणि अनेक ड्राइव्ह-उत्पादकांची स्वतःची साधने हे काम करतात.

विंडोज नव्याने टाकणे हा दुसरा मार्ग स्वच्छ खरा. पण मराठीत काम करणाऱ्याला तो महाग पडू शकतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलेल्या फायली, तो फॉन्ट यंत्रात नसला की, रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता होऊन समोर येतात. क्लोनमध्ये फॉन्ट, कळफलकाची मांडणी आणि जुने सॉफ्टवेअर जागच्या जागी राहते. एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना तेवढा पुन्हा नोंदवावा लागतो.

खरेदीपूर्वी आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसते, याची खातरजमा करावी. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा ड्राइव्ह असते; नव्यांत बहुधा 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशी एम.2 पट्टी असते. एम.2 पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून ते दिसण्यात सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. 1 टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये 931 जीबी दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज 1,024च्या, एवढाच तो फरक आहे.

जुन्या दफ्तरखान्यात अस्सल दस्तऐवजाची नक्कल उतरविल्यावर कारकून ती अस्सलाशी ओळीने ओळ ताडून पाहत असे, आणि ही रुजुवात झाल्यावाचून नकलेवर शिक्का उमटत नसे; क्लोन करणाऱ्यानेही तोच शिरस्ता पाळावा. प्रथम महत्त्वाच्या फायली तिसऱ्याच एका बाहेरच्या ड्राइव्हवर घ्याव्यात. ड्राइव्हला कुलूप घालणारा विंडोजमधील बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी आणि क्लोन पुरा होईपर्यंत बिटलॉकर बंद करावा. मग नवी ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालून जोडावी. कोणती ड्राइव्ह मूळ आणि कोणती नवी, हे आकार व मॉडेलचे नाव पाहून दोनदा ताडून घ्यावे. येथे उलट निवड झाली तर रिकाम्या ड्राइव्हची नक्कल भरलेल्या ड्राइव्हवर उतरते आणि होते ते सर्व पुसले जाते. 300 जीबीचा मजकूर सेकंदाला 100 एमबी या गतीने सुमारे 50 मिनिटांत उतरतो, तर जुन्या यूएसबी 2.0 जोडणीवर त्याला अडीच तासही लागतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून हे काम रात्री, कूलरच्या खोलीत, टणक टेबलावर, बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून करावे.

क्लोन पुरा झाला की यंत्र बंद करून ड्राइव्ह बदलावी. दोन्ही ड्राइव्ह जोडलेल्या ठेवून यंत्र सुरू करू नये, कारण दोघींची ओळख-खूण एकच असल्यामुळे विंडोज गोंधळते. यंत्र सुरू झाल्यावर वाढीव जागा ‘सी’ला जोडून द्यावी, मध्ये दुरुस्तीचा विभाग आडवा आल्यास तो आधी शेवटी सरकवावा लागतो. यानंतर खरी रुजुवात: प्रबंधाचे शेवटचे प्रकरण उघडावे, टॅलीतील मागील वर्षाची शिल्लक पाहावी, सर्वांत जुनी मराठी फाइल वाचून पाहावी.

एकाच प्रतीवर विसंबण्याची किंमत वऱ्हाडाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते, पुढे अनुयायांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि त्यांचा मेळ घालण्यात अभ्यासकांना अपार परिश्रम करावे लागले. आपल्या संगणकातील मजकूर स्मरणातून पुन्हा उभा करणारे अनुयायी आपल्यापाशी नाहीत.

म्हणून वाचकांना विनंती अशी की, नव्या ड्राइव्हवर निदान महिनाभर बिनतक्रार काम होईपर्यंत जुनी ड्राइव्ह पुसू नये, विकू नये, कोणाच्या हवाली करू नये. आणि जागा वाढली म्हणून सुरक्षितता वाढली असे न मानता, बॅकअपसाठी तेवढ्याच आकाराची एक बाहेरची ड्राइव्हही घ्यावी व ती लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरातील कपाटात ठेवावी.