चार आण्याची लिफ्ट, बारा आण्याचा एक्सल

"गाडी दोन इंच उचलायला किती लागतील?" असं विचारलं की आमचे मिस्त्री आधी गाडीकडे बघतात, मग गाडीवाल्याकडे. आणि विचारतात, "नुसती उभी करायचीय, की चालवायचीपण आहे?"

पहिली गंमत इथेच. लिफ्ट किटने थार रुबाबात उभी राहते खरी, पण मागच्या बाजूला दगडाला घासणारा भाग होता तिथेच राहतो. थारचा मागचा एक्सल सलग आहे. स्प्रिंगा लांब केल्या की बॉडी वर जाते. एक्सलच्या पोटातला डिफरन्शियलचा गोळा मात्र चाकांच्या भरवशावर, तो केसभरही हलत नाही. त्याला वर काढायचं तर टायर मोठा हवा, आणि तिथेही पदरात निम्मंच पडतं: व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर.

आता टायरचा हिशेब. 18 इंची रिमवरचा थारचा कंपनीचा टायर साधारण 31 इंचांचा. तिथे 33 चढवलात की मीटर 80 दाखवत असताना गाडी 85 ने पळते. गाडी पळते ती सपाटीवर. घाटात पहिल्या गिअरलाही धाप लागते. मग क्राऊन-पिनियन बदला. तेही पुढे-मागे दोन्हीकडे, एकाच रेशोचं, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचं भांडण ठरलेलं. शिम आणि डायल गेज घेऊन हे तंतोतंत बसवणारा माणूस शोधा, त्याची मजुरी द्या. जड टायरने ब्रेक कमी पडतात, बॉल जॉइंट लवकर ढिले होतात. नाकापेक्षा मोती जड, ते असं.

जिप्सीवाल्यांची युक्ती याहून स्वस्त. 1985 साली आलेली ही मारुती पुढे-मागे पाट्यांवर चालते, आणि पाटे एक्सलच्या खालून जातात. एक्सलवर नव्या बैठका वेल्ड करा, पाटे वरून बसवा, यू-बोल्ट आवळा: गाडी पाचेक इंच उंच! शिवाय खाली लोंबणारे पाटेही वर गेले. अशी एक जिप्सी गॅरेजमधून निघताना मी पाहिली आहे. मालक पेढे वाटायच्या बेतात होता. अर्ध्या तासात परतला, चेहरा उतरलेला. स्टिअरिंगची लिंक इतकी तिरकी झाली होती, की खड्डा आला की गाडी आपल्या मनाने वळायची. ब्रेकचा पाइप ताणून तारेसारखा झालेला. जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे नागमोडी वाकायचे, एक्सल जागच्या जागी पीळ घ्यायचा आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस खडखडायचा. वेल्डिंगचा खर्च किरकोळ होता. पुढचे तीन महिने मालक बाकीचं निस्तरत होता.

अमेरिकेत याच हौसेचा आकडा डोळे फिरवणारा आहे. तिथल्या जीपवाल्यांचं दैवत म्हणजे 'डाना 60' एक्सल. नवाकोरा, बसवायला तयार असा पुढचा आणि मागचा मिळून हिशेब दहा हजार डॉलरच्या वर सहज जातो. रुपयांत आठ लाखांच्या पुढे. 2020 च्या 2 ऑक्टोबरला नवी थार आली तेव्हा तिची किंमत 9 लाख 80 हजारांपासून सुरू झाली होती. म्हणजे आपल्याकडे ज्या पैशात जवळजवळ अख्खी थार येते, त्यात तिकडे दोन एक्सल. म्हणून शहाणी मंडळी भंगारात निघालेल्या जुन्या ट्रकखाली शिरून डाना 60 शोधतात. आणि हे डाना कोण? इंजिनिअर नव्हेत, चार्ल्स डाना नावाचे वकील!

सगळ्यात महागडी वाट मात्र शेतातून जाते. पोर्टल एक्सलमध्ये दर चाकापाशी वेगळी गिअरपेटी असते, त्यामुळे एक्सल चाकाच्या मध्याच्याही वर राहतो. म्हणजे तेल बदलायच्या चार पेट्या जास्त, गळायला तितकीच सील जास्त. हा एक्सल गाजवला जर्मनीच्या उनिमोगने. महायुद्धानंतर ती शेतकऱ्यांसाठी आखली गेली, आणि तिच्या चाकांमधलं 1270 मिलिमीटरचं अंतर ठरलं ते बटाट्याच्या दोन ओळींवरून. आज हौशी लोक लाखो उधळतात त्या एक्सलची कीर्ती बटाट्याच्या वाफ्यातून आली, हे मला फार आवडतं.

एक खर्च गॅरेजच्या बिलात दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार गाडीत परवानगीबाहेर बदल केला तर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. यातला 'दर' हा शब्द नीट वाचावा.

हे सगळं टाळायचं तर कंपनीकडूनच तयार घ्या. पुण्याच्या फोर्सची गुरखा पुढे-मागे दोन्ही डिफ लॉकसकट येते, जिम्नीला दोन्हीकडे सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंग. आणि चिखलात, वाळूत पकड वाढवायचा फुकटातला उपाय मिस्त्री शेवटी सांगतात: टायरची हवा काढा. 30 ची 18 केली की टायर पसरतो, जमीन जास्त धरतो. "पैसे नाही लागत," ते म्हणतात. "फक्त पंप न्या सोबत. मागच्या पावसाळ्यात एक साहेब विसरले, फोन मलाच आला."