शक्तिमान दारात आणताना

ग्वाल्हेरच्या ज्या भागाला आपण लष्कर म्हणतो, तो १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ होता. तंबू गेले, वाडे उभे राहिले, नाव तेवढं टिकलं. आज छावणी मुरारला आहे, आणि तिथले ट्रक बघत इथली पोरं मोठी होतात. त्यातल्या एखाद्याला पुढे वाटतं, असा एक आपल्याही दारात असावा. ही हौस मला मोलाची वाटते. ती फसते एका समजुतीमुळे.

समजूत अशी, की लष्करी गाडी दणकट, तिला काही होत नाही. लोखंड दणकट असतं, हे खरं. पण सेवेतून निघालेला ट्रक बहुधा धावला कमी आणि उभा राहिला जास्त. मीटरवर किलोमीटर थोडे दिसतात, रबर मात्र वीस-पंचवीस वर्षांचं असतं. म्हणून गाडी बघताना काय झिजलंय यापेक्षा काय कुजलंय ते शोधायचं.

शक्तिमान तर आपल्याच राज्यातला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तो १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. १९६९ साली वेहिकल फॅक्टरी उभी राहिली, तेव्हा काम तिकडे गेलं. नव्वदच्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं. मग स्टॅलियन आणि टाटाचा ७१३ आले. म्हणजे सगळ्यात तरुण शक्तिमानही आज पंचविशी ओलांडलेला आहे.

विकत घेण्याआधी कागद. सरकारी लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन होतात, आणि माल ‘जिथे आहे, जसा आहे’ या अटीवर मिळतो. अटींमध्ये गाडी भंगार म्हणून विकली असेल, तर ती रस्त्यावर आणायचं स्वप्न तिथेच सोडा. लष्कराच्या ताब्यात असेपर्यंत ट्रकला आरटीओची नोंदणी लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ६० तशी मुभा देतं. सरकारच्या मालकीतून सुटला, की तुमच्या-माझ्या गाडीचे नियम त्यालाही लागू. त्यासाठी सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे फॉर्म २१, विक्रीचा दाखला. लष्करी लिलावातल्या गाडीसाठी तो संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने द्यायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या हातातून घेत असाल, तर आधी आरसी बघा, चासीवरचा नंबर स्वतः बोट फिरवून ताडून पाहा, मगच भावाचं बोला.

इथे दोन गोष्टी अनेकांना ठाऊक नसतात. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम इतरांना तो वापरू देत नाही. ज्या रंगासाठी जीव टाकला तो आधी काढावा लागतो, याचं वाईट वाटतं, पण नियम योग्यच आहे. दुसरं, पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची २०२१ पासूनची ‘व्हिंटेज’ नोंदणी दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे. ट्रक त्यात बसत नाही. शिवाय भारासकट वजन साडेसात टनांच्या वर जात असल्याने कारच्या लायसन्सवर तो चालवता येत नाही.

गाडी घरी आली की पहिला हात ब्रेकला. व्हील सिलिंडर उघडून किट बदला, होज पाइप नवे टाका, सगळं ऑइल काढून नवं भरा. हवेची टाकी असेल तर तिच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडायची सवय लावून घ्या.

मग डिझेल. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा शिरते, रात्री तिचं पाणी होतं, पाण्याने गंज धरतो आणि तो फिल्टरपर्यंत पोचतो. म्हणून टाकी भरलेली ठेवायची. फिल्टर बदलला की लाइनमधली हवा काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांचं डिझेल, शेवटी अखंड धार. धार आली की पंप न थांबवता बोल्ट कसायचा. घाई केली तर इंजिन चालू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडतं आणि आपण बिचाऱ्या पंपाला दोष देत बसतो.

बहुतेक लष्करी ट्रक २४ व्होल्टचे: १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. टेप किंवा हॉर्नसाठी एकाच बॅटरीवरून तार ओढलेली मी पाहिली आहे. तसं केलं की ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. त्याचा खर्च दोन नव्या बॅटऱ्यांपेक्षा कितीतरी कमी.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ग्वाल्हेरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या टायरला कडेने चिरा पडतात. नखाने दाबून बघा. आणि एक कळकळीचं सांगणं. जुन्या ट्रकचा रिम अनेक तुकड्यांचा असतो, वर लॉक रिंग. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना उडते, माणूस मरतो. पिंजरा नसलेल्या दुकानात हवा भरून घेऊ नका, आणि भरताना समोर उभे राहू नका.

पुढच्या चाकांचा जोर चिखलात किंवा वाळूतच लावायचा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर हा फरक निघायला जागा मिळत नाही आणि सगळा पीळ गिअरांवर बसतो.

यापुढे गाडीला हवं ते एकच: चालणं. दारात उभी करून दहा मिनिटं इंजिन फिरवणं हे चालणं नव्हे. त्याने ऑइलमधला ओलावा जात नाही, उलट वाढतो. पंधरा दिवसांतून एकदा पहाटे काढा, झाशी रोडने वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन या, आणि परतल्यावर प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर त्याचा ब्रेक धरतो आहे; तो त्याच दिवशी खोला.