पहिल्या शिकारीआधी
लेखमाला: कामकरी कुत्री. लेखांक ९

आपल्याकडच्या लॅब्रॅडॉरचा पक्ष्यांच्या शिकारीशी संबंध उरलेला नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर तो प्रश्नच मिटला. इथे हे कुत्रं सोफ्यावर लोळतं, नाहीतर पोलिसांच्या श्वानपथकात नोकरी करतं. मुंबई पोलिसांचा नावाजलेला जंजीर याच जातीचा. पण बेल वाजली की चप्पल तोंडात धरून पाहुण्याच्या पुढ्यात आणून टाकणारं पिल्लू घरी असेल, तर त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली राबणारी कुत्री एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या बंदरांत उतरली. तिथल्या शिकारी उमरावांनी त्यांच्यातून निवडून निवडून एक जात घडवली: पडलेला पक्षी शोधायचा, अलगद उचलायचा, आणून हातात द्यायचा. १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. तुमच्या चपलेचा धनी तिथून आलेला आहे.

हे काम आजही जिथे जोरात चालतं अशा एका जागी या आठवड्यात जाऊ. अमेरिकेतल्या उत्तर डकोटा राज्यात हिमयुगातल्या बर्फाने मागे ठेवलेली असंख्य उथळ तळी आहेत. उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा फार मोठा हिस्सा या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडाच्या गवताळ भागात जन्मतो. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात दिसणारे थापट्या आणि गडवाल तिथेही वीण करतात. आपल्याकडे येणारी पाखरं वेगळ्या वाटेची, जात मात्र तीच. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम उघडतो आणि तिथल्या कित्येक घरांत वर्षाच्या आतबाहेरचं एखादं पिल्लू पहिल्यांदा पाण्यावर जायला निघतं.

या पिल्लाला वस्तू आणायला शिकवण्यात फारसा वेळ जात नाही. वेळ जातो तो त्याला बसवून ठेवण्यात. बाकीची तयारी म्हणजे त्या पहाटे त्याला कशाचंच नवल वाटू नये याची तजवीज.

ती पहाट कुत्र्याच्या बाजूने पाहा. अजून अंधार आहे. मालकाने कधी न घातलेला चिखलाच्या रंगाचा कोट घातलाय. होडी डुगडुगते आहे. पाण्यावर बदकं तरंगताहेत, पण त्यांना बदकांचा वास नाही. कुणीतरी तोंडाने बदकासारखं ओरडतंय. मग डोक्याशेजारी स्फोट होतो, आकाशातून काहीतरी धपकन पडतं आणि गार पाण्यात उडी मारून ते तोंडात धरलं तर ते ऊबदार, पिसांचं आणि रक्ताच्या चवीचं निघतं. आपण याला शिकार म्हणून मोकळे होतो. कुत्र्याच्या दृष्टीने या आठ-दहा वेगवेगळ्या घटना आहेत, आणि त्या एकाच तासात अंगावर आल्या तर चांगलं पिल्लूही बिथरतं. म्हणून शहाणा प्रशिक्षक उन्हाळाभर यातली एकेक गोष्ट सुटी करतो, घराच्या अंगणात आणतो, आणि ती अगदी कंटाळवाणी झाल्यावरच दुसरीला जोडतो.

सगळ्यांत जपून करायची ओळख बंदुकीची. दिवाळीत पलंगाखाली शिरून थरथरणारं कुत्रं ज्यांनी पाहिलंय त्यांना आवाजाची भीती काय असते ते सांगायला नको. ती एकदा बसली की काढणं महाकठीण. काही कुत्री मुळातच हळवी असतात हे खरं, पण बंदुकीला बुजणारं कुत्रं बहुतेक वेळा माणसाच्या घाईने तयार झालेलं असतं. ‘सवय होईल’ म्हणून पिल्लाला थेट नेमबाजीच्या मैदानावर नेऊन उभं करणारे महाभाग तिथेही आहेत. पिल्लाला त्या आवाजाचा अर्थ कळत नाही, त्याला पळायला जागा नसते, आणि दहा मिनिटांत वर्षाची मेहनत मातीला मिळते.

बरोबर रीत अशी. आधी पिल्लाला पक्ष्याचं वेड लागू द्यायचं. बंदूक त्यानंतर. मग एक मदतनीस शंभरेक मीटरवर उभा राहतो. तो आधी हाक घालून पिल्लाचं लक्ष वेधतो आणि बंपर उंच फेकतो. बंपर म्हणजे कॅनव्हासचा किंवा प्लॅस्टिकचा, दोरी लावलेला लांबट रोळा. बंपर हवेत असताना, पिल्लाचे डोळे त्यावर खिळलेले असताना, नुसता आवाज करणाऱ्या पिस्तुलाचा एक बार. एवढ्या लांबून तो टाळीइतकाच ऐकू येतो, आणि धावायच्या नादात पिल्लू त्याची दखलही घेत नाही. पुढच्या दिवसांत मदतनीस थोडा थोडा जवळ येतो. पिस्तुलाची जागा आधी लहान आणि मग खरी बंदूक घेते. कान मागे गेले, शेपटी खाली आली, धावता धावता पिल्लू थबकलं, तर त्या दिवशी आवाज बंद आणि पुढच्या वेळी अंतर पुन्हा वाढवायचं. काही दिवसांनी उलटच घडतं: बार ऐकला की पिल्लू आकाशाकडे पाहायला लागतं. आवाज आता भीतीचा राहिलेला नसतो, काहीतरी पडणार याची ती वर्दी झालेली असते.

पाण्याचंही तसंच. गावाकडे पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात. ती पद्धत इथे लावली तर कुत्रं पोहेल, पण पुढच्या वेळी काठावर बसून राहील. कोमट, उथळ पाणी, मालक स्वतः गुडघाभर आत, आणि पाय टेकत असतानाच चार-दोन बंपर. मग हळूहळू खोल. फसव्या बदकांची ओळख हिरवळीवरच उरकता येते: प्लॅस्टिकची बदकं मांडायची, बंपर त्यांच्या पलीकडे फेकायचा, आणि पिल्लू नकली बदक उचलायला गेलं तर शांतपणे परत बोलवायचं. पाण्यात हेच केलं तर त्यांच्या दोऱ्या पायात गुंततात. होडी आणि लपण, म्हणजे शिकाऱ्यांचा आडोसा, यांचीही तालीम अंगणात होते.

बंपरवरून पक्ष्यावर जाताना काही पिल्लं अडखळतात, कारण सैल पिसं जिभेला चिकटतात. सुरुवातीला मेलेलं कबूतर बरं, आकाराने तोंडात मावणारं. ‘मऊ तोंड’ हा या जातीचा सगळ्यांत मोठा गुण आणि तो घालवणं फार सोपं: पिल्लाशी दोरखेच खेळा, किंवा त्याने आणलेली वस्तू त्याच्या तोंडातून ओढून काढा, म्हणजे ते दात रोवायला शिकतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडत असतात, हिरड्या दुखत असतात. तेव्हा आणण्याचा सराव हलका ठेवलेला किंवा थांबवलेलाच बरा.

आता बसण्याकडे. पक्षी पडताना दिसला की उसळणं हा या कुत्र्याचा स्वभाव, आणि तोच त्याच्या जिवावर उठू शकतो. खाली आलेल्या बदकावर कुणी नेम धरलेला असताना कुत्रं लपणातून झेपावलं, तर छऱ्यांच्या वाटेत तेच येतं. लहान होडीत त्याच्या एका उडीने माणसंही पाण्यात जातात. म्हणून ‘सिट’ म्हणजे पुढची आज्ञा येईपर्यंत बसणं: बार झाला तरी, पक्षी पडला तरी, शेजारचं कुत्रं सुटलं तरी. अमेरिकेत कुत्र्याला सोडायची खूण बहुधा त्याचं नावच असतं. बसायला शिटीचा एक ठसठशीत सूर, परत यायला तुटक तुटक सूर. सरावात पिल्लाच्या पट्ट्यातून दोरी ओवून धरतात आणि बंपर पडून शांतता झाल्यावरच सोडतात. यातली मला सगळ्यांत आवडलेली युक्ती म्हणजे मधूनमधून मालकाने स्वतः उठून बंपर घेऊन यायचा आणि कुत्र्याने बसून नुसतं पाहायचं. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते हे त्याला तिथे कळतं.

एवढ्या खटाटोपामागे कायदाही आहे. अमेरिकेच्या संघराज्य नियमांनुसार स्थलांतरित पक्षी मारणाऱ्याने किंवा जायबंदी करणाऱ्याने तो मिळवण्याचा वाजवी प्रयत्न करायलाच हवा. लव्हाळ्यात शिरलेलं जखमी बदक माणसाला सापडत नाही. कुत्र्याला नाकाने सापडतं. तिथल्या बदक-शिकाऱ्यांना १९३४ पासून दरवर्षी एक संघराज्य तिकीट विकत घ्यावं लागतं, ज्याचा पैसा पाणथळ जागा राखण्यात जातो. १९५९च्या तिकिटावर चित्रकार मेनार्ड रीस यांनी तोंडात मॅलार्ड बदक धरलेला काळा लॅब्रॅडॉर काढला. तो किंग बक, १९५२ आणि १९५३ असा लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेता. पिल्लू असताना डिस्टेंपरने तो मरता मरता वाचला होता.

तब्येतीचा एक मुद्दा मात्र टाळता येणार नाही. काही लॅब्रॅडॉर पाचदहा मिनिटांच्या जोरदार धावपळीने मागच्या पायांतून कोसळतात, क्वचित मरतातही. यामागचा जनुकीय दोष मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि आज साध्या चाचणीत कळतो. आईबापांची ती चाचणी न पाहता कामासाठी पिल्लू घेणं हा निव्वळ जुगार.

पहिल्या दिवशी मालकाने बंदूक घरी ठेवावी, असं जाणते लोक सांगतात आणि फार थोडे ऐकतात. नेम धरायचा आणि कुत्र्यावर लक्षही ठेवायचं, हे एकाच माणसाला साधत नाही. मित्राने मारावं, मालकाने पिल्लाजवळ बसावं. सौम्य हवेचा दिवस, एकदोनच बंदुका, मोकळं पाणी. पिल्लाला अशा जागी बसवायचं की आकाश दिसेल. माणसाच्या उंचीने बांधलेल्या लपणात त्याच्या डोळ्यांसमोर फक्त बोरू असतो, आणि पडताना न दिसलेला पक्षी ते कुठून आणणार? पहिलं बदक जवळ आणि स्वच्छ मेलेलं असावं. पंख झोडपणारा चारपाच किलोंचा जखमी कॅनडा हंस अनुभवी कुत्र्यासाठी राखून ठेवायचा. त्याच्या एका फटक्याने पिल्लू पक्ष्यांचं नाव टाकू शकतं. आणि पिल्लू आज्ञेआधीच सुटलं, तर पुढच्या थव्यावर कुणीही बार काढायचा नाही. थवा जाऊ द्यायचा, पिल्लाला जागेवर आणून पुन्हा बसवायचं. बरोबरच्या मित्रांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं बरं, कारण समोरून मॅलार्ड उतरत असताना ते पटवता येत नाही.

दोन-तीन पक्षी नीट आले की पिल्लाचा दिवस संपला. त्याला कोरडं पुसायचं, डोळ्यांच्या कडांत आणि बोटांच्या बेचक्यांत अडकलेली गवताची बी काढायची, आणि गाडीत झोपू द्यायचं.

पुढच्या आठवड्यात: पडताना न दिसलेल्या पक्ष्यापर्यंत कुत्र्याला केवळ शिटीने आणि हाताच्या इशाऱ्याने कसं पोहोचवतात.