तक्रारीचा क्रमांक आणि त्याचे महत्त्व

औषधांविषयीच्या तक्रारी आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर नोंदविल्या जातात. अशा प्रणालीत प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्याचे प्रयोजन आपण समजून घेऊ.

दोन रुग्णांचे नाव सारखे असू शकते. दूरध्वनी क्रमांक बदलतो. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर बॅच क्रमांक छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे; परंतु एकाच बॅचविषयी दहा तक्रारी येऊ शकतात. म्हणून बॅच क्रमांक हा नोंदीतील तपशील होय. त्यावरून नोंद ओळखता येत नाही.

‘ओटीआरएस’ प्रणालीत तक्रारीचा क्रमांक तारीख, यंत्रणेचा क्रमांक व चढता आकडा यांपासून बनविता येतो. ‘सर्व्हिसनाऊ’मध्ये नोंदीस दोन ओळखी असतात : एक बोलण्यात वापरावयाचा क्रमांक व दुसरी ३२ अक्षरांची अंतर्गत ओळख. नोंदींचे परस्परसंबंध दुसरीने जोडलेले असल्याने दर्शनी क्रमांकाची पद्धत बदलली तरी ते तुटत नाहीत.

व्यवहारात तीन पथ्ये पाळावीत. क्रमांक रुग्णास त्याच वेळी कळवावा. तोच रुग्ण त्याच तक्रारीसाठी पुन्हा आल्यास जुन्याच नोंदीत भर घालावी. दुबार नोंदी एकत्र केल्या तरी बाद झालेला क्रमांक दुसऱ्या तक्रारीस कदापि देऊ नये.

एखाद्या चूर्णाने एका रुग्णास पुरळ उठले आणि ती नोंद दुसऱ्याच्या नावे गेली, तर एकावरील उपचार चुकतील आणि सदोष बॅच विक्रीत राहील. हे टाळण्यासाठी ही शिस्त आपण आपल्या औषधालयांत अवश्य बाणवावी.