वैलाची धग, विजेचं भांडं

माझ्या आजोळच्या चुलीला वैल होता. चुलीवर भाकऱ्या व्हायच्या आणि वैलावर, जाळाच्या उरलेल्या धगीवर, दूध तासन्‌तास तापत राहायचं. साईचा तो जाड थर गॅसवर कधी जमला नाही. न्यू जर्सीत धाकट्या बहिणीकडे स्लो कुकर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वैलच आठवला.

या भांड्याचं मूळही उरलेल्या धगीतच आहे. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू घरांत विस्तव पेटवत नाहीत. म्हणून विल्ना शहरातल्या बायका शुक्रवारी सूर्यास्ताआधी मांस, कडधान्य आणि बटाटे भरलेलं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून येत. निवत जाणाऱ्या भट्टीत ते रात्रभर शिजे. त्याचं नाव चोलंट. आईकडून ही हकिगत ऐकलेल्या आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाने विजेवर चालणारं तसं भांडं बनवलं. १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं. नोकरीवर जाणाऱ्या बायकांना ते फार सोयीचं झालं.

बहीण या भांड्यात करते ते टोमॅटोच्या रश्श्यातले मीटबॉल दक्षिण इटलीतून अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांचे. मायदेशी मांस महाग, म्हणून त्यांचे गोळे लहान असत. अमेरिकेत मांस परवडू लागलं तसे गोळे मोठे झाले आणि स्पॅगेटीच्या ताटात येऊन बसले.

स्लो कुकरमुळे मीटबॉल मऊ होतात असं पुष्कळांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. मऊपणा दुधात भिजवलेल्या पावातून येतो. शिजताना खिम्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. भिजलेला पाव ते पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांना घट्ट गुंतू देत नाही. अर्धा किलो खिम्याला पावाचे २ स्लाइस, पाव कप दूध, १ अंडं, मूठभर किसलेलं पार्मेजान चीज, बारीक चिरलेला लसूण, पार्सली, मीठ आणि मिरपूड. बहिणीकडे टर्कीचा खिमा असतो, आपल्याकडे मटणाचा घ्यावा. हलक्या हाताने कालवा. कणकेसारखं मळलंत तर गोळे चिवट होतात, मग कुठलंही यंत्र ते सुधारू शकत नाही. लिंबाएवढे गोळे वळा. आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये लालसर करून घ्या, कारण ओलसर मंद आचेत खरपूसपणा येत नाही.

रश्श्यासाठी कांदा-लसूण ऑलिव्ह तेलात परतून ८०० ग्रॅम कुस्करलेले टोमॅटो आणि बेसिलची पानं. त्यात गोळे अलगद सोडून ‘लो’वर ५ ते ६ तास. पहिले दोन तास ढवळू नका, गोळे फुटतात. झाकणही उघडू नका, गेलेली ऊब परत यायला बराच वेळ लागतो. खिमा गोठलेला असेल तर आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या. वाढण्यापूर्वी गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान आलेलं असावं. चिकन किंवा टर्की असेल तर ७४.

मीटबॉलसारखंच या भांड्यात कडधान्यही शिजवता येतं, राजमा मात्र कच्चा टाकू नका. भिजवलेलं पाणी ओतून टाकून ताज्या पाण्यात तो आधी १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. त्यातलं विषारी द्रव्य मंद आचेत पुरेसं नष्ट होत नाही.

बहिणीकडे संध्याकाळी दार उघडलं की बुटांसकट घरातली सगळी आधी स्वयंपाकघरातच येतात. स्पॅगेटी उकळायच्या आत भाच्याने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवलेला असतो.