मुंबई-पुण्यातील मॉर्मन मिशन (१८५२–१८५५)

मुंबई-पुण्यातील मॉर्मन मिशन ही 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या ख्रिस्ती पंथाची पश्चिम भारतातील पहिली धर्मप्रचार मोहीम होय. स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले यांनी सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत तिचा आरंभ केला. सुमारे तीन वर्षांत अगदी मोजक्या लोकांनी दीक्षा घेतली. असे असूनही अशा मोहिमांमधील अनुभवांना मॉर्मन परंपरेत श्रद्धा दृढ करणारे अनुभव मानले जाते. बाह्य अपयश आणि आंतरिक श्रद्धा यांचा संबंध समजण्यासाठी ही मोहीम अभ्यासनीय ठरते.

पार्श्वभूमी

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात केली. बायबलबरोबरच 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ पवित्र मानला जात असल्यामुळे त्याच्या अनुयायांना मॉर्मन असे नाव पडले. १८४७ पासून युटा हे या पंथाचे केंद्र बनले. भारतात प्रचारक पाठविण्याची योजना त्या वेळी युरोपात कार्य करीत असलेले लोरेन्झो स्नो यांनी आखली. त्यानुसार विल्यम विल्स कलकत्त्यास व फिंडले मुंबईस आले. पुढे ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील परिषदेत आणखी प्रचारकांची नेमणूक झाली व ते एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

साक्ष ही संकल्पना

मॉर्मन मतानुसार धर्माचे सत्य केवळ वादविवादाने कळत नाही. प्रत्येकाने स्वतः प्रार्थना करून त्याची प्रचीती घ्यावयाची असते. या प्रचीतीच्या जाहीर कथनास 'साक्ष' म्हणतात. प्रचारक हा साक्ष देणारा असतो व ती देताना त्याची स्वतःची श्रद्धाही दृढ होते, अशी धारणा आहे. तत्कालीन प्रचारक रोजनिशी नियमाने लिहीत. प्रार्थनेला मिळालेले उत्तर, मस्तकावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेनंतर आजाऱ्यास पडलेला उतार, संकटातून झालेली सुटका, अनोळखी माणसाने दिलेला आसरा अशा घटनांची नोंद त्यांत आढळते.

मुंबई व पुणे येथील कार्य

मुंबईत फिंडले यांना वृत्तपत्रांचा व अन्य ख्रिस्ती धर्मगुरूंचा तीव्र विरोध झाला. त्यांनी पुस्तिका छापून टीकेस उत्तरे दिली. पुढे ते पुण्यास गेले. तेथे त्यांचा भर प्रामुख्याने लष्करी छावणीतील युरोपीय सैनिकांवर होता. परंतु छावणीत राहून प्रचार करण्यास त्यांना मज्जाव झाला. या अडचणींतही १८५३ मध्ये पुण्यात एक लहान शाखा स्थापन झाली. मराठी लोकांना उद्देशून त्यांनी एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

अपयशाची कारणे

झोळी-शिदोरीविना निघावे व यजमानांच्या आतिथ्यावर राहावे, हा या प्रचारकांचा रिवाज होता. इंग्लंड-अमेरिकेत तो निभावला. येथे जेवणखाण व स्पर्श यांवर जातीचे निर्बंध होते, अंतरे मोठी होती आणि भाषा परकी होती. धर्मांतर करणाऱ्यास घर, नातीगोती व उपजीविका गमवावी लागण्याचा धोका असे. ऑगस्ट १८५२ मध्ये पंथाने बहुपत्नीकत्वाचा जाहीर पुरस्कार केला. ती वार्ता भारतात पोहोचल्यावर युरोपीय समाजातही प्रतिकूलता वाढली.

मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. त्या मिशनचे कार्य १८१३ मध्ये सुरू झाले होते. शाळा, छापखाना, मराठी बायबल आणि १८४२ पासून चालणारे 'ज्ञानोदय' नियतकालिक असा चार दशकांचा पाया त्यामागे होता. बाबा पद्मनजी यांनी १८५४ मध्ये, म्हणजे फिंडले पश्चिम भारतात असतानाच, बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. मिशन शाळांतील शिक्षण, दीर्घ वाचन व मनातील द्वंद्व यांतून त्यांची श्रद्धा घडली. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी तो प्रवास मराठीत मांडला. मॉर्मन प्रचारकांना मराठीत रुजण्यासाठी असा अवधी मिळाला नाही.

श्रद्धानुभवांचा अर्थ

दीक्षितांची संख्या हा यशाचा एकमेव निकष या प्रचारकांनी मानला नाही. संदेश पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्य होते. तो स्वीकारणे वा नाकारणे हे ऐकणाऱ्यावर सोपविलेले होते. त्यामुळे नकार, उपहास व एकाकीपणा हे श्रद्धेची कसोटी ठरले. बायबलमधील प्रेषितांनाही असाच विरोध झाला होता, या विचाराने त्यांना धीर मिळे.

इतिहासाच्या दृष्टीने या अनुभवांचे मूल्य निराळे आहे. रोजनिशीतील आजार बरा झाल्याची नोंद दैवी हस्तक्षेपाचा पुरावा ठरत नाही. मात्र लिहिणाऱ्याने त्या घटनेचा अर्थ कसा लावला, याचा तो विश्वसनीय पुरावा असतो. तसेच या नोंदी प्रचारकांच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. ज्यांनी त्यांचे ऐकले व नाकारले, त्या मुंबई-पुणेकरांचे मनोगत त्यांत क्वचितच उमटते.

पुढील काळ

फिंडले यांनी १८५५ मध्ये मुंबई सोडली व लवकरच भारतातील संपूर्ण मोहीम थांबली. दीक्षितांपैकी काहींनी युटाला स्थलांतर केले. मुंबईत जन्मलेल्या एलिझाबेथ झेवियर टेट या १८५६ च्या विली हातगाडी तांड्यात होत्या. हा तांडा हिमवर्षावात सापडून साठांहून अधिक माणसे दगावली. टेट पुढे युटातील सीडर सिटी येथे स्थायिक झाल्या. प्रचारक मायदेशी परतू शकत होते. दीक्षितांसाठी मात्र श्रद्धेची किंमत कायमचे देशांतर ही होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पंथाचे कार्य भारतात पुन्हा सुरू झाले. १९९३ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र मिशन स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याच शहरात भारतातील पहिल्या मॉर्मन मंदिराची घोषणा करण्यात आली.